उतारा आणि कडबा

आमच्या भोकरदनच्या मामांची कुठल्याही वस्तूची पारख तीन प्रश्नांत होते. घ्यायला किती पडली, चालवायला काय लागतं, आणि विकायला काढली तर कोणी घेईल का. बैलजोडी असो, विहिरीवरचं इंजिन असो की होणाऱ्या जावयाची नोकरी, प्रश्न हेच आणि क्रमही हाच. माझ्याकडचा कॉर्ग कंपनीचा डीडब्ल्यू-८००० सिंथेसायझर त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मात्र क्रम बिघडला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, उजळलेल्या आकड्यांकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कामून रे, हे वाजतं का नुसतंच पेटतं?"

प्रश्न वर्मी लागला, कारण त्या दिवशी तो नुसताच पेटत होता.

हा बोर्ड १९८५ साली जपानमधून बाजारात आला. माझ्याकडं आला तो जालन्यातला एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा. सामानाची वाटणी झाली. स्पीकर मंडपवाल्यानं उचलले, माइक आणि स्टँड गायकानं नेले, कोंगो एका भजनी मंडळात गेले (तिथं ते काय करतात हे मला कळलेलं नाही), आणि हा उरला. कोणालाच नको होता म्हणून मला मिळाला. मला वाजवता येतो असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. पेटीवर दोन-चार अभंग निघतात, एवढ्या भांडवलावर मी तो घरी आणला.

काळा, लांबलचक, वजनाला चांगलाच. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या. डाव्या हाताला एक छोटी दांडी, तिला जॉयस्टिक म्हणतात. वरच्या पत्र्यावर सोळा वेगवेगळ्या लहरींची बारीक चित्रं छापलेली आहेत. हृदयरोगतज्ज्ञाकडून आणलेल्या कागदासारखी दिसतात म्हणून आमचे शेजारी ती बघून आधी माझी प्रकृती विचारतात. आत आवाज आहेत चौसष्ट. त्यांचे क्रमांक ११ पासून सुरू होतात आणि ८८ ला संपतात, पण मध्ये १९ नाही, २० नाही, ३९ नाही, ४० नाही. आवाजांच्या क्रमांकात ९ आणि ० या आकड्यांना जागाच ठेवलेली नाही. आठ गट, गटात आठ आवाज. ऑर्केस्ट्रातल्या मूळ वादकानं बटणांच्या वर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं होतं: बासरी, भजन, कव्वाली, रडका, नागीन. 'रडका' हा आवाज नवरी निघते त्या वेळचा. एवढं नेमकं वर्गीकरण कॉर्ग कंपनीच्या पुस्तिकेत नाही.

तर मामांना मी सांगायला गेलो की मामा, हे वाद्य संकरित आहे.

"म्हंजे हायब्रीड?"

आता हायब्रीड या विषयावर जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नये. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, आणि भेंडीपासून कपाशीपर्यंत बियाण्याचा धंदा म्हणजे जालना असं समीकरण होऊन बसलं. बारवाल्यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, तीही १९६४ चीच. आणि गंमत म्हणजे रॉबर्ट मूग या अमेरिकन माणसानं आपला सिंथेसायझर लोकांपुढं पहिल्यांदा मांडला तोही १९६४ मध्ये. या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण जालन्यात बसून सिंथेसायझर बाळगणाऱ्यानं तो लावायचा नाही तर कोणी लावायचा?

हायब्रीड ज्वारीबद्दल मामांचा निकाल आधीच लागलेला आहे. "उतारा लई. एकरी पोत्याला कमी नाही. पण ताट बुटकं, कडबा होत नाही. अन् भाकरीला चव नाही. खायला आपली मालदांडी." हा निकाल मी लहानपणापासून ऐकतो आहे. त्यात बदल झालेला नाही, आणि मामांच्या शेतातही हायब्रीड पेरायचं थांबलेलं नाही.

मला वाटतं, या सिंथेसायझरची पारख करायला हे माप पुरेसं आहे. उतारा काय, कडबा किती, चव कशी.

त्यासाठी आधी आईबाप सांगायला हवेत. एका बाजूला जुने ॲनालॉग सिंथेसायझर. त्यांत विजेच्या दाबाचा खेळ असतो. दाब वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. आवाज भरदार, गोल. पण त्या सर्किटला ऊन सोसत नाही. यंत्र तापलं की सूर सरकतो, आणि जालन्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना काय न सरकेल? दुसऱ्या बाजूला डिजिटल. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला आणि त्यानं सगळा बाजार हलवला. तो सूर आकडे मोजून काढायचा. ऊन असो की थंडी, सूर जागचा हलायचा नाही. घंटा, इलेक्ट्रिक पियानो यांचे आवाज लखलखीत. पण त्याच्यावर नवा आवाज घडवायला बसलेली भलीभली माणसं हात टेकायची.

कॉर्गनं या दोघांचं लग्न लावलं. तेव्हा मेमरीच्या चिप महाग होत्या. खऱ्या व्हायोलिनचा अख्खा सूर ध्वनिमुद्रित करून आत ठेवणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी सुराच्या लहरीचं एकच आवर्तन घेतलं, ते आकड्यांत मांडून चिपवर कोरलं, आणि पट्टी दाबली की तेच आवर्तन सेकंदाला शेकडो वेळा फिरत राहील अशी सोय केली. अशा सोळा लहरी. एक पियानोच्या वळणाची, एक सॅक्सोफोनची, एक व्हायोलिनची, एक घंटेची आणि अशाच बाकीच्या. सगळ्या मिळून आजच्या 'शुभ सकाळ'च्या एका चित्राएवढ्या जागेत बसतील. हा झाला डिजिटल बाप.

पण एकच आवर्तन सारखं फिरत राहिलं की कान विटतो. खरा सूर जन्मल्यापासून मरेपर्यंत बदलत असतो. छेडला त्या क्षणी तो चकचकीत असतो, मग त्यातलं वरचं तेज ओसरत जातं. ते काम इथं ॲनालॉग फिल्टर करतो. वरच्या कंपनांना कात्री लावणारं हे विजेचं सर्किट, आणि ते प्रत्येक सुराला स्वतंत्र आहे. एका वेळी आठ सूर वाजतात, म्हणून आठ फिल्टर. ही झाली आई. चव तिच्याकडून आलेली आहे.

हे काही एकट्या कॉर्गचं डोकं नव्हतं. हॅम्बुर्गच्या पीपीजीनं ही वाट आधीच धरली होती. १९८६ मध्ये अमेरिकेतून एन्सोनिकचा ईएसक्यू-१ आला, जपानमधूनच कावाईचा के-३ आला. सगळे याच जातीचे. पण पीक चार-पाच हंगामच टिकलं. मेमरी स्वस्त झाली आणि १९८८ मध्ये खुद्द कॉर्गनंच एम-१ काढला. त्यात खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे भरलेले, सगळं डिजिटल. ऐकणाऱ्याला पियानो पियानोसारखा वाटू लागला, वाजवणारे खूश झाले आणि हायब्रीड अडगळीत गेले. एम-१ च्या फिल्टरला रेझोनन्स म्हणजे सुराची धार वाढवणारी सोयच नाही, हे तेव्हा फारसं कोणाच्या डोळ्यांवर आलं नसावं. माझ्या कानांवर मात्र येतं.

आता उतारा.

डीडब्ल्यू-८००० चं व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाजत नाही. पियानो तर मुळीच नाही. पियानोची लहर लावून वाजवलं तर पियानो, संतूर आणि शाळेची घंटा या तिघांनी मिळून काढलेला काहीतरी ठराव ऐकू येतो. नकलेची अपेक्षा ठेवली तर नापास. पण ती अपेक्षा सोडून फिल्टर हळूहळू बंद करत आणला, लहर फिरवणारे दोन ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित ढळवले, आतला प्रतिध्वनी चालू केला, की दुसऱ्या कुठल्याच वाद्यात नसलेला एक ओला, थोडा धुरकट आवाज निघतो. पहाटेच्या काकड्याला मागं धरायला मी तोच वापरतो. लहर व्हायोलिनची आहे हे सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही आणि सांगितलं तर पटत नाही.

पट्टी किती जोरात दाबली हे त्याला कळतं. दाबून ठेवलेल्या पट्टीवर आणखी भार दिला तर तेही कळतं, आणि त्या भारावर फिल्टर उघडायला लावता येतो. पेटी वाजवणाऱ्याला याचं अप्रूप वाटेल. पेटीत पट्टी कशीही दाबा, जे काय आहे ते भात्यात.

आणि दांडी. पेटीवरचा सगळ्यात जुना आरोप असा की तिच्यावर मींड निघत नाही. सूर पायरीपायरीनं जातात, मधला उतार नाही. याच आणि अशाच कारणांवरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. ज्या वाद्यावर बंदी होती त्याच वाद्यावर आप्पा जळगावकर पुढं भीमसेन जोशींच्या साथीला बसले आणि मींड नसलेल्या पेटीतून मींडेचा भास काढून दाखवला. आप्पा आपल्या जालन्याच्या भागातले, म्हणून हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो. तर आप्पांना बोटांच्या कमाईनं जे साधलं ते इथं दांडी डावीकडं-उजवीकडं ढकलली की होतं. होतं म्हणजे सूर सरकतो. गंधारावरून मध्यमाला जाताना नेमकं कुठं रेंगाळायचं हे दांडीला ठाऊक नसतं. माझ्या हातात तर ती मींड भीमपलासीतून निघून बऱ्याचदा अँब्युलन्सकडं जाते. सोय आहे, विद्या नाही.

खरी कमाल आहे ती नागिणीत.

१९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन पुंगीवर वाजलेली नाही. ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या परदेशी कीबोर्डावर वाजवली, आणि साथीला पेटी होती. म्हणजे ज्या सुरावर जालन्यापासून जाफराबादपर्यंत प्रत्येक वरातीत कोणीतरी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतो, तो आपल्या देशातल्या सर्वांत लाडक्या विजेवरच्या सुरांपैकी एक आहे. लोळणाऱ्याला हे सांगू नये. पण डीडब्ल्यू-८००० वर नागीन जशी निघते तशी मी नव्या महागड्या बोर्डांवर ऐकलेली नाही. युनिझन चालू केलं की आठांचे आठ सूर एकाच पट्टीला लागतात, प्रत्येकाचे दोन ऑसिलेटर, म्हणजे सोळा ऑसिलेटर एका सुराच्या मागं उभे. पोर्टामेंटो लावला की एका सुरावरून दुसऱ्यावर तो सरपटत जातो. रेझोनन्स वाढवला की नाकातला स्वर येतो. चिकटपट्टीवर 'नागीन' लिहिणाऱ्या त्या अनाम वादकानं हे सगळं जमवून ठेवलं होतं. कुठल्या पुस्तकात वाचून जमवलं असेल असं वाटत नाही.

अशी माणसं मुंबईत झाली की त्यांची नावं राहतात. केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मिनिमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचा ज्युपिटर-८ आणि ताल-बेसची दोन छोटी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये युरोपात ती पुन्हा निघाली आणि लोक चक्रावले, कारण शिकागोच्या मुलांनी पुढं 'ॲसिड हाउस' म्हणून जे संगीत गाजवलं त्याच्या फार जवळचं काहीतरी हा गृहस्थ मुंबईत त्यांच्या आधीच वाजवून मोकळा झाला होता. २०१५ मध्ये ते गेले. जाण्याआधी परदेशातल्या तरुण पोरांपुढं वाजवायचं भाग्य त्यांना मिळालं, एवढं बरं झालं. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत यंत्रांशी झटापट करणाऱ्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत. त्यांचं संशोधन चिकटपट्टीवर आहे.

मामांनी या सगळ्यावर एकच विचारलं, "अन् आवाज कुठून येतो?"

मी म्हटलं, त्याला वेगळा स्पीकर लावावा लागतो. याच्यात नाही.

"म्हंजे एवढं धूड, अन् त्याला सोताचा आवाज नाही?"

इथून कडब्याचा भाग सुरू होतो.

स्पीकर नाही. ताल नाही. दादरा, केहरवा, लावणी, काहीच नाही. आजकाल भारतीय ताल भरलेले कीबोर्ड मिळतात. एका बोटानं सूर धरला की तबला, ढोलक, तानपुरा सगळं लवाजम्यासह चालू. शेजारी ऑक्टापॅड घेतला की दोन माणसांत ऑर्केस्ट्रा उभा राहतो. डीडब्ल्यू-८००० आपल्यापुरता सूर देतो आणि गप्प बसतो. एक आर्पेजिएटर तेवढा आहे. दाबून ठेवलेले सूर तो एकामागून एक आपोआप वाजवतो, आणि 'लॅच' लावला तर हात काढला तरी वाजवत राहतो. आमच्या भाच्यानं एकदा तो लावला आणि खेळायला निघून गेला. तो परत येईपर्यंत घरात सा, ग, प यांशिवाय दुसरं बोलणं झालं नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. जुन्या ॲनालॉग यंत्रांवर प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र खुंटी किंवा सरकपट्टी असायची. हात नेला, फिरवली, ऐकलं. इथं खर्च वाचवायला त्या सगळ्या काढून टाकल्या. फिल्टर उघडायचा तर आधी त्याचा क्रमांक शोधा, तो दाबा, मग एकुलती एक पट्टी सरकवून आकडा बदला. रेझोनन्सचा क्रमांक वेगळा. सुराच्या जोराच्या चढउताराला सहा टप्पे, सहांचे सहा क्रमांक, आणि फिल्टरला तेच सहा पुन्हा. क्रमांकांची यादी पत्र्यावर छापलेली आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की ती वाचायला दिवसाचा उजेड आणि तरुण डोळे लागतात. वराती रात्री असतात आणि ऑर्केस्ट्रावाले चाळिशी उलटलेले. त्यामुळं मंचावर कोणी यात काही बदलत नसे. घरून जे चौसष्ट आवाज आणले तेवढ्यावर रात्र काढायची.

मग वीज. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मूळ जपानसाठी बांधलेली यंत्रं सेकंडहँड होऊन इकडं आली की त्यांच्याबरोबर एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर फिरतो. तो ट्रान्सफॉर्मर बोर्डाइतकाच जड आणि बोर्डाहून महत्त्वाचा. घाईत एखाद्यानं थेट भिंतीत पिन खुपसली की धूर निघतो आणि ती रात्र गायकाला पेटीवर काढावी लागते. जालन्याच्या वीजवापराबद्दल मी अधिक काय सांगणार? भंगार वितळवून सळ्या ओढणाऱ्या भट्ट्या या गावाला अन्न देतात आणि त्याच सगळ्यात जास्त वीज पितात. भारनियमनाच्या त्या वर्षांत तर तासच्या तास अंधार. डीडब्ल्यू-८००० वर आवाज जमवत बसलो, अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर काहीतरी मनासारखं निघालं, आता 'राइट' दाबून तो साठवायचा, आणि पंखा थांबला. न साठवलेला आवाज गेला तो गेला. पुन्हा तसाच जमवायला बसलं तर जमतो तो त्याचा चुलतभाऊ.

साठवलेले आवाजही कायमचे नसतात. ते एका बटणसेलच्या जिवावर असतात, आणि तो सेल आत बोर्डाला डाग देऊन बसवलेला आहे. दहा-पंधरा वर्षं तो इमानानं राबतो. मग एक दिवस सुरू केलं की आकडे पेटतात, पण आवाजांच्या जागी कचरा. काही क्रमांकांवर नुसती घरघर, काहींवर काहीच नाही. मामा आले त्या दिवशी हेच झालेलं होतं. 'रडका' गेला होता, 'कव्वाली' गेली होती. फक्त चिकटपट्टी शाबूत होती.

पण इथं कॉर्गवाल्यांनी शहाणपणा केलेला आहे. चौसष्ट आवाजांची माहिती साध्या कॅसेटवर उतरवून ठेवता येते. मागं टेपची वायर लावायची जागा आहे. माहिती ध्वनीच्या रूपात जाते, फॅक्सच्या फोनवर जसं किर्र ऐकू यायचं तसं. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या सामानात अशी एक कॅसेट होती आणि ती हरिपाठाच्या रिकाम्या डबीत ठेवलेली होती. आमच्या मामींनी ती संध्याकाळी दिवा लावताना टेपवर घातली. किर्रर्र असा जो आवाज सुरू झाला तो त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकला. मग म्हणाल्या, "बुवांचा गळा बसलाय वाटतं."

त्या कॅसेटनं सगळं परत आलं. नवा सेल टाकला, टेप लावली, आणि अकरा ते अठ्ठ्याऐंशी सगळी मंडळी आपापल्या जागी. हायब्रीड बियाणं धरून ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर तसंच पीक येत नाही, दर साल नवी पिशवी आणावी लागते. मामांचा त्यावर जुना राग आहे. या हायब्रीडचं बी मात्र धरून ठेवता येतं, हे कळल्यावर त्यांचा सूर जरा नरमला. आता तर कॅसेटही लागत नाही. मागं पाच छिद्रांची मिडीची सॉकेट आहे, त्यातून संगणकावर सगळे आवाज उतरवता येतात. मिडी हा प्रकार १९८३ चा, आणि अजूनही तेव्हाचं यंत्र आणि आजचा लॅपटॉप एकमेकांशी बोलतात. सरकारी खात्यांतसुद्धा इतकं जुनं कागदपत्र इतक्या सहज चालत नाही.

दुरुस्ती हा स्वतंत्र विषय आहे. बटणं दाबून दाबून मरतात. हा या जातीचा ठरलेला रोग. एकदा दाबलं तर ऐकत नाहीत, जोरात दाबलं तर दोनदा ऐकतात. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ पट्ट्यांखालच्या संपर्कांत जाऊन बसते आणि मग एखादा निषाद मुका होतो. बरोबर निषादच, कधी षड्ज नाही. हे सगळं तरी दुरुस्त होतं. जुने टीव्ही आणि मिक्सर नीट करणारे एक काका माझी बटणं बदलून देतात. देताना दरवेळी विचारतात की हे वाजवून घरात किती येतात. फिल्टरच्या चिप मात्र आता बनतच नाहीत. आठांपैकी एक गेली तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातूनच काढून आणावी लागते. चव ज्या आईकडून आली तिचं माहेर बंद झालं आहे.

मामांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. विकायला काढला तर? परदेशात अशा जुन्या यंत्रांचे शौकीन आहेत, मुंबई-पुण्यातही निघतील. जालन्यात शेवटचं गिऱ्हाईक कोणत्याही पत्र्याला असतं, भट्टीचं. ते वजनावर भाव देतं आणि रेझोनन्स विचारत नाही. मामांनी दोन्ही हातांनी बोर्ड उचलून पाहिला, मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाले, "ठिव. भंगारात काही येत नाही याचं."

माझा निकाल मामांपेक्षा फार वेगळा नाही. उतारा चांगला, पण ज्याला जे पेरायचं त्याच्यावर आहे. कडबा शून्य. चव मात्र, मामा काहीही म्हणोत, मालदांडीची. पियानो हवा असेल, तबला हवा असेल, एका बोटात बँड हवा असेल तर या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. ज्याला एक सूर धरून तासभर त्याला वळवत, जाड-बारीक करत बसायला आवडतं, ज्याच्या घरच्यांची त्याला हरकत नाही, त्यानं असा बोर्ड कुठं धूळ खात पडलेला दिसला तर सोडू नये.

घेताना मात्र बघून घ्या. एकच पट्टी सलग आठ वेळा दाबा. सूर आळीपाळीनं एकेका फिल्टरकडं जातो, त्यामुळं आठांत एकदा मुका निघाला तर एक वाट मेली आहे असं समजा आणि भाव पाडा. सगळी बटणं दाबून पाहा. सेल कधी बदलला ते विचारा. विकणाऱ्याकडं जुनी कॅसेट असेल तर ती बोर्डाच्या आधी ताब्यात घ्या, डबीवर काहीही लिहिलेलं असो. आणि पिन भिंतीत घालण्यापूर्वी मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचा.